टँकर, ट्रक आणि मूळ प्रत : विमानांच्या व्हिडिओंची पाठचिकित्सा

जुलै २०१९मध्ये पाकिस्तान अवामी तहरीक या पक्षाचे सरचिटणीस खुर्रम नवाझ गंडापूर यांनी ट्विटरवर एक व्हिडिओ टाकला. विमान धावपट्टीवर वेगाने येते आहे, समोर तेलाचा टँकर आडवा येतो आणि अगदी शेवटच्या क्षणी विमान त्याच्यावरून निसटून जाते. वैमानिकाच्या प्रसंगावधानाचे त्यांनी मनापासून कौतुक केले होते. व्हिडिओ ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ या संगणकावरच्या खेळातला निघाला. दोन-चार दिवस जगभर थट्टा झाली, ट्विट काढून टाकले गेले आणि विषय संपला.

दौलताबादसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्या थट्टेत पुरते सामील होता येत नाही. ‘विमानाच्या वाटेत मालवाहू गाडी कशी येईल, एवढेही कळू नये?’ असा त्या थट्टेचा एक सूर होता. आमच्याकडे ती आलेली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे आयसी ४९१ हे विमान तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघाले. बोइंग ७३७ जातीचे, व्हीटी-ईसीक्यू या नोंदणीचे. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत इथवर आलेले. आत ११८ माणसे. धावपट्टी संपल्यावर सुमारे ४१० फुटांवर रस्ता होता आणि रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक. विमानाची डावीकडची मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर त्या ट्रकला धडकला. विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या वीजतारांना अडकले आणि कोसळले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली.

त्या क्षणी रस्त्याकडेला फोन घेऊन कोणी उभे नव्हते, कारण तसे फोनच नव्हते. आज समजा कोणी त्या धडकेचा व्हिडिओ समोर ठेवला, तर गंडापूरांवर हसलेलीच मंडळी ‘हा खेळातला दिसतो’ म्हणतील. ‘हे घडण्यासारखे आहे का?’ ही कसोटी लावून आपण खोट्याला खरे मानतो आणि त्याच कसोटीने खऱ्यालाही खोटे ठरवतो. तैपेईचे उदाहरण घ्या. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी ट्रान्सएशिया कंपनीचे एटीआर विमान उड्डाणपुलावरून तिरके होऊन गेले, त्याच्या पंखाने पुलावरच्या टॅक्सीला तडाखा दिला आणि ते नदीत पडले. ५८पैकी ४३ माणसे दगावली. पुलावरच्या मोटारींमधल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले ते दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला एखाद्या इंग्रजी सिनेमातला तुकडा वाटते. ते शंभर टक्के खरे आहे. ते खरे आहे हे मी कशावरून म्हणतो, या प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे.

विमानविद्या मी शिकलेलो नाही. माझा अभ्यास हस्तलिखितांचा, तोही स्वतःच्या हौसेने केलेला. पण गेली काही वर्षे विमानांचे व्हिडिओ तपासण्याच्या ज्या रीती वाचत आणि करून पाहत आलो, त्या मला ओळखीच्या वाटल्या. जुन्या पोथीची प्रत हाती आली की आपण जे करतो, तेच इथे करायचे असते. प्रत कोणाकडून आली? तिच्या आधीची प्रत कोणती? शेवटी लेखनिकाने काय लिहिले आहे? मधल्या ओव्या कोणी घातल्या? मराठीत या कामाला पाठचिकित्सा म्हणतात आणि तिचा एक धागा आमच्या किल्ल्यातूनच जातो. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार पाहत. त्यांच्याकडे शिकायला एकनाथ पैठणहून आले. त्याच एकनाथांनी पुढे शके १५०६मध्ये, म्हणजे इ.स. १५८४मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, नकलांनी तो बिघडला, असे त्यांचे निदान होते. त्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्यालाही त्यांनी कडक शब्दांत बजावले. व्हिडिओंच्या बाबतीत मला या निदानाचा फार उपयोग होतो. फिरणाऱ्या खोट्या व्हिडिओंतले बरेचसे मुळात खोटे नसतात. नकलांमध्ये बिघडतात.

उदाहरण अलीकडचेच. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या २४२पैकी एकच प्रवासी वाचला. जमिनीवर १९ जण गेले. जवळच्या एका गच्चीवरून एका मुलाने फोनवर काढलेला व्हिडिओ काही तासांत देशभर पोचला. पण सुरुवातीला जी प्रत सर्वाधिक फिरली, ती एका पडद्यावरचे चित्र दुसऱ्या फोनने पुन्हा टिपलेली होती. अस्पष्ट चित्र, बरबटलेला आवाज. तिच्यावरून मोठमोठे जाणकार वेगवेगळी अनुमाने काढत होते. मूळ प्रत बाहेर आल्यावर तिच्यात विमानाच्या पोटाखाली एक बारीकसा ठिपका दिसला आणि एक विशिष्ट घरघर ऐकू आली. ती रॅम एअर टर्बाइनची, म्हणजे मुख्य वीजपुरवठा बंद पडला की बाहेर येऊन वाऱ्यावर फिरणाऱ्या लहान पंख्याची खूण होती. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक चौकशी अहवालात हा पंखा बाहेर आल्याचे नोंदले गेले, आणि त्याचा पुरावा होता विमानतळावरच्या सीसीटीव्हीतले चित्र.

नकलेची नक्कल करताना लेखनिक काना-मात्रा गाळतो. इथे पडद्यावरून पडदा टिपताना नेमका तो ठिपका आणि ती घरघर गळली. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ दहा वेळा उतरवून पुन्हा चढवला गेला की प्रत्येक वेळी तो आणखी दाबला जातो, कडा कापल्या जातात, कोपऱ्यातली तारीख जाते, वर कोणाचे तरी गाणे चढते. दहाव्या हाताच्या प्रतीत दोष शोधत बसणारा माणूस बहुतेक वेळा नकलाकाराचे दोष शोधत असतो.

गच्चीवरचा फोन आणि विमानतळाचा सीसीटीव्ही यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे प्रचंड काम केले, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या प्रतींच्या शाखा एखाद्या पाठावर एकमताने येत असतील, तर तो पाठ जुना. विष्णु सीताराम सुकथनकरांनी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या समोर ठेवून हे केले. तैपेईच्या बाबतीतही तेच. पुलावर एकच कॅमेरा नव्हता. वेगवेगळ्या मोटारींमधून, वेगवेगळ्या कोनांतून तोच पंख, तीच टॅक्सी, तोच कठडा दिसतो. एका खोट्या दृश्याला चार अनोळखी साक्षीदार जुळवणे अजून तरी अवघड आहे. म्हणून भर शहरात, भर दुपारी झालेल्या एखाद्या अपघाताचा व्हिडिओ एकाच कोनातून आणि एकाच खात्यावर असेल, तर मी त्याला बाजूला ठेवतो. खोटा म्हणत नाही, एकप्रतीय म्हणतो.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. ग्रंथ कोणी लिहिला, नक्कल कोणी केली, कोणत्या शकात, कोणत्या गावी. पुष्पिका खोटी असू शकते हे अभ्यासकाला पहिल्या वर्षीच कळते. जुनेपणाचा मान मिळावा म्हणून शक मागे ढकललेला असतो, नामवंत कवीचे नाव डकवलेले असते. व्हिडिओवर लिहून येणारी ओळ ही त्याची पुष्पिका, आणि माझ्या पाहण्यातली सर्वात जास्त लबाडी तिथेच होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोझिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून खाली गेले. २१ जणांचा मृत्यू झाला, त्यात दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे, पूर्वी हवाई दलात होते, आई-वडील नागपूरला. त्या आठवड्यात मराठी घराघरांत एक व्हिडिओ पोचला. गणवेशातले एक अधिकारी व्यासपीठावर हिंदी चित्रपटगीत फार सुंदर गात आहेत, आणि खाली ओळ : कॅप्टन साठे यांचे गाणे. गाणारे होते व्हाइस ॲडमिरल गिरीश लुथ्रा, कार्यक्रम नौदलाचा. चित्र खरे, आवाज खरा, गाणाराही खरा. फक्त पुष्पिका खोटी.

यात कोणाचे काय बिघडले, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. माणूस तर चांगलाच होता, चार लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मला ते पटत नाही. कोझिकोडच्या अपघाताचा चौकशी अहवाल २०२१मध्ये आला. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, उतरण्याची स्थिती स्थिर नसतानाही उतरणे थांबवले गेले नाही, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे त्यात आहे. कंपनीच्या व्यवस्थेतले दोषही आहेत. कष्टाने नोकरी केलेल्या एका माणसाच्या शेवटच्या मिनिटांविषयी आणि त्याला तिथवर आणणाऱ्या व्यवस्थेविषयी तो अहवाल बोलतो. मला ओळखणाऱ्या शंभर माणसांनी गाणे ऐकले असेल, तर अहवालाविषयी एकानेही विचारले नाही. खोट्या पुष्पिकेने फसवले तर आहेच, शिवाय खऱ्या मजकुराची जागाही घेतली.

अहमदाबादच्या वेळीही असेच झाले. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचे एटीआर विमान पडले. आतल्या ७२ जणांपैकी कोणी वाचले नाही. त्यातल्या एका प्रवाशाने खिडकीतून केलेले थेट प्रक्षेपण मागे राहिले. ते खरे आहे आणि पाहवत नाही. तोच व्हिडिओ अडीच वर्षांनी ‘अहमदाबादच्या विमानातले शेवटचे क्षण’ म्हणून फिरला. इथे मात्र पुष्पिका खोडायला पोथीतलाच मजकूर पुरतो. पंखा असलेले छोटे एटीआर कुठे आणि बोइंग ७८७ कुठे. शिवाय अहमदाबादच्या विमानाची काळाची चौकटच ठरलेली आहे. अहवालातल्या नोंदींप्रमाणे चाकांनी जमीन सोडली ती भारतीय वेळेनुसार १ वाजून ३८ मिनिटे ३९ सेकंदांनी, आणि विमानातल्या यंत्रावरचे मुद्रण थांबले ते १ वाजून ३९ मिनिटे ११ सेकंदांनी. मध्ये ३२ सेकंद. ‘अहमदाबादचे विमान’ म्हणून मिनिटभर आकाशात घिरट्या घालणारे जे काही दाखवले जाईल, ते पुढे पाहण्याचीही गरज नाही.

माझी सर्वात आवडती कसोटी मात्र विमानाबाहेरची आहे : सावली. ती मी चांदमिनारावर शिकलो. आमचा मिनार दोनशे फुटांहून उंच आहे आणि पंधराव्या शतकापासून एका जागी उभा आहे, म्हणजे घड्याळ म्हणून उत्तम. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, खऱ्या मध्यान्हीला त्याची सावली उत्तरेकडे पडते आणि सव्वाशे फुटांच्या आसपास भरते. मे महिन्याच्या वीस तारखेच्या आगेमागे सूर्य दौलताबादच्या थेट डोक्यावर येतो आणि सावली मिनाराच्या पायाशीच गोळा होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते. दिल्लीत असे कधीच होत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. म्हणजे उन्हात काढलेल्या व्हिडिओतल्या एखाद्या खांबाची सावली मोजली आणि दिशा ओळखता आली, तर ‘कधी’ आणि ‘कुठे’ या दोन्ही प्रश्नांना ती उत्तर देते. निदान खोटे उत्तर पकडते.

अहमदाबादच्या अपघातानंतर तिसऱ्या दिवशी किल्ल्यासमोर रसवंती चालवणाऱ्या मुलाने फोन पुढे केला. “काका, हा तिथलाच ना?” विमान इमारतींवरून खाली येत होते, लोक पळत होते. मी म्हटलं, “विमान नको बघू. तो दिव्याचा खांब बघ.” खांबाची सावली खांबाइतकीच लांब होती. १२ जूनला अहमदाबादवर सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. तिथली खरी मध्यान्ह घड्याळात बारा चाळीसच्या सुमारास. विमान पडले ते तासाभरानंतर. त्या वेळी दहा फुटी खांबाची सावली अडीच फुटांच्या आत-बाहेर आणि पूर्वेला हवी. मुलाने रसाचा ग्लास ठेवला, फोन घेतला आणि तासाभरात तीन गटांना सावली समजावून सांगितली. तो माझ्यापेक्षा लवकर शिकला.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण हल्ली अतिशंका हाही एक रोग झाला आहे. खऱ्या व्हिडिओत डोळ्यांना खोट्या वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी असतात. फोनचा कॅमेरा सगळे चित्र एकदम टिपत नाही, एकाखाली एक ओळी वाचत जातो. तेवढ्यात वेगाने फिरणारा पंखा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याची पाती केळ्यासारखी वाकडी, कधी तुटून हवेत तरंगणारी दिसतात. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वेग आणि कॅमेऱ्याचा वेग जुळला तर पाती जागच्या जागी थांबलेली आणि हेलिकॉप्टर दोरीने टांगल्यासारखे वर जाताना दिसते. धावत्या मोटारीतून पाहिले तर उतरणारे मोठे विमान आकाशात थिजलेले वाटते. आडव्या वाऱ्यात विमान नाक एका बाजूला वळवून तिरकेच धावपट्टीकडे येते. या सगळ्यांवर ‘खोटे आहे, मूर्ख बनवत आहेत’ असे शेरे मी वाचले आहेत. पोथीत अनोळखी रूप दिसले की ‘लेखनिकाची चूक’ म्हणून दुरुस्त करणारे संपादक असतात, त्यातलाच हा प्रकार. अनोळखी रूप कित्येकदा मूळचे असते. सोपे, सरळ, सगळ्यांना पटणारे रूप नंतर आलेले असते.

खेळांमधल्या चित्रांची गोष्ट निराळी. ती मुळातच रचलेली. २६ फेब्रुवारी २०१९च्या बालाकोट हल्ल्यानंतर ‘आपल्या हवाई दलाचा हल्ला’ म्हणून आपल्याकडे फिरलेला एक व्हिडिओ ‘आर्मा टू’ या खेळातला होता. या मालिकेतली दृश्ये इतक्या युद्धांच्या नावाने फिरली की ती बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने नोव्हेंबर २०२२मध्ये निवेदनच काढले. आमचे चित्र ओळखायचे कसे, हे कंपनीनेच सांगितले : व्हिडिओ मुद्दाम अस्पष्ट केलेला असतो, कॅमेरा हलवलेला असतो, बहुतेक वेळा रात्र किंवा अंधार असतो, आवाज काढून टाकलेला असतो, हलणारी माणसे क्वचित दिसतात, धूर आणि धूळ खऱ्यासारखी वागत नाही. खोटेपणा लपवण्यासाठी चित्र बिघडवावे लागते, ही यातली महत्त्वाची गोष्ट. चकचकीत चित्रापेक्षा अंधारातल्या, थरथरत्या चित्राला आपण जास्त खरे मानतो. फसवणारा तेवढे जाणून असतो. आमच्या किल्ल्यातल्या अंधारीचीही हीच रीत. शत्रूला वाट बंद करून अडवत नाहीत; अंधुकशी वाट दाखवून हवे तिकडे नेतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांबद्दल आज जी लक्षणे सांगितली जातात, शेपटीवरची न वाचता येणारी अक्षरे, मोजल्या तर न जुळणाऱ्या खिडक्या, एकमेकांत विरघळणारे चेहरे, त्यांच्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. हे वाचेपर्यंत त्यातली निम्मी निकामी झालेली असतील. नोंदणीची अक्षरे नीट लिहायला यंत्र शिकेल. पण व्हीटी-एएनबी लिहिलेले विमान त्या दिवशी त्या वेळी कुठे होते, हे विमानाच्या रेडिओ संकेतांवरून मार्ग नोंदवणाऱ्या सेवांकडे, विमानतळाच्या नोंदींत आणि शेवटी चौकशी अहवालात वेगवेगळे लिहिलेले असते. चित्र बनवणाऱ्याच्या हातात त्या वह्या नसतात.

या वह्यांचे महत्त्व सगळ्यात चांगले कळते ते आपल्याच एका जुन्या कथेत. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी माणसाला प्रिय आहे. तिच्यावर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट जानेवारी २०१५मध्ये आला. त्याच महिन्यात मुंबईच्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर वाचल्या गेलेल्या निबंधाने वादळ उठवले. कथेत नामवंत प्रेक्षक आहेत, उंचीचा आकडा आहे, ‘केसरी’चा हवाला आहे. मी वाचलेल्या लेखांत तो हवाला एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अंकाची तारीख आणि मजकूर कोणी समोर ठेवत नाही. सगळ्या प्रती एकाच शाखेच्या. तळपदे हे खरे गृहस्थ होते, त्यांचा ध्यासही खरा असेल. पण प्रश्न ध्यासाचा नाही, त्या दुपारचा आहे.

चौपाटीवरच्या उड्डाणाचे ‘मूळ चित्रण’ म्हणून कोणी काही दाखवले, तर आता यंत्रे असे चित्रण मागाल तेवढे बनवून देतात, त्याला उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. ल्युमिएर बंधूंचा चित्रपटाचा पहिला सार्वजनिक खेळ पॅरिसमध्ये झाला २८ डिसेंबर १८९५ला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तो पोचला ७ जुलै १८९६ला. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली ती १८९९च्या सुमारास. १८९५च्या चौपाटीवर टिपणारे यंत्रच नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची परीक्षा केली, तीही याच क्रमाने. आकृत्यांतली विमाने उडतील का हे त्यांनी तपासलेच, आणि ती उडणार नाहीत असे सांगितले. पण त्याबरोबर ग्रंथ आला कुठून, त्याची भाषा कोणत्या काळातली, हेही पाहिले. तो १९०४च्या आधीचा नाही असा त्यांचा निष्कर्ष आहे. अभियंत्यांनी केलेली इतकी चांगली पाठचिकित्सा मी दुसरी वाचलेली नाही.

त्याच्याशेजारी राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३चे उड्डाण ठेवा. काचेच्या पट्टीवरचे छायाचित्र आहे, पाच साक्षीदार आहेत, बंधूंची टिपणे आहेत, त्या दिवशी वडिलांना केलेली तार आहे. आणि त्या तारेत चूक आहे! सर्वात लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते. तारेत ५७ पडले. ऑर्व्हिलच्या नावाचे स्पेलिंगही बिघडले. वाटेतल्या तारमास्तरच्या हातून झालेला हा हस्तदोष आहे आणि तो आहे म्हणूनच मला तार जास्त खरी वाटते. खऱ्या घटनेची कागदपत्रे एकमेकांशी किंचित भांडतात. खोट्या कथेत सगळे आकडे गुण्यागोविंदाने नांदतात.

आता चिकलठाण्याकडे परत यायला हवे. त्या अपघाताच्या चौकशीने दोन कारणे नोंदवली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. दोन, उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याचे काम राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केले नाही. एक कारण विमानातले, एक रस्त्यावरचे. गावातल्या गप्पांत यांतले एकच उरते आणि सांगणाऱ्याच्या कलाप्रमाणे ते बदलते. कोणी म्हणतो ट्रकवाल्याने घुसवली, कोणी म्हणतो विमान जुने होते. वाहतूक थांबवण्याची जबाबदारी कोणाची होती, हे गप्पांत येत नाही. गंडापूरांच्या व्हिडिओतही ते नाही. तिथे टँकर कुठून आला, फाटक होते का, पहारा कोणाचा, हे विचारायला जागाच नाही. वैमानिक कुशल आहे, सगळे वाचतात, टाळ्या. आमच्याकडे सात फूट कमी पडले आणि ५५ घरांनी तो प्रश्न विचारला.

जुन्या अपघातांची सिम्युलेटरवर पुनर्निर्मिती करणारे बरेच लोक आहेत. त्यांतले चांगले लोक सुरुवातीलाच तसे सांगतात, अहवाल वाचून काम करतात, आणि त्यांच्यामुळे मला स्वतःला कितीतरी गोष्टी समजल्या आहेत. पण सांगणारी ती पहिली पाच सेकंदे कापायला कोणालाही पाच सेकंदांहून जास्त वेळ लागत नाही. आयसी ४९१चा ‘मूळ व्हिडिओ’ एक दिवस आपल्या फोनवर येईल, असे मी धरून चाललो आहे. त्यात ट्रक असेल, कापूस हवेत उडेल, ज्वाळा असतील. तो तपासायला आपल्याकडे काय असेल? चौकशीचे निष्कर्ष आहेत. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे ग्रंथालयांत आहेत, पण कागद पिवळा पडून तुटतो आहे. आणि घरांमध्ये काही फोटो असणार. वीजतारांचा, शेतातल्या अवशेषांचा, रस्त्यावरच्या गर्दीचा, बघायला गेलेल्या कोणी काढलेला, धुऊन आणून पाकिटात ठेवलेला.

ज्यांच्याकडे असा फोटो असेल, त्यांना माझी विनंती एवढीच आहे. तो फोनवर टिपून कुठे पाठवण्याआधी उलटा करावा आणि मागे पेन्सिलीने लिहावे : कोणी काढला, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे उभे राहून, कोणत्या दिशेला तोंड करून. निगेटिव्ह असेल तर ती त्याच पाकिटात राहू द्यावी. आठवत नसेल ते कोरे ठेवावे, अंदाजाने भरू नये.